रंगीत पेन्सिल आणि पोटाचा प्रश्न

कला कलेसाठीं कीं जीवनासाठीं, हा वाद आपल्याकडे पुष्कळ रंगला. १९६५ सालीं लॉस एंजेलिसच्या आर्ट सेंटर विद्यालयांत नांव घालावयास गेलेल्या ड्रू स्ट्रूझन यांच्यापुढें मात्र तो फार रोकड्या स्वरूपांत उभा राहिला. शुद्ध चित्रकला आणि व्यावसायिक चित्रण यांत भेद काय, असें त्यांनीं विचारलें. पहिल्या शाखेचा मनुष्य मनास येईल तें रंगवितो, दुसऱ्या शाखेचा पैशासाठीं रंगवितो, असें उत्तर मिळालें. अन्नाचीच विवंचना होती. तेव्हां त्यांनीं दुसरी शाखा पत्करली.

आरंभीं गाण्यांच्या तबकड्यांचीं वेष्टनें आणि पुढें चित्रपटांचीं जाहिरातचित्रें, हा त्यांचा व्यवसाय झाला. त्यांत त्यांच्या हातीं जें साधन स्थिरावलें त्याचें कौतुक वाटतें. रंगीत पेन्सिल म्हणजे मुलांच्या दप्तरांतील वस्तु, अशी आपली समजूत. वास्तविक जर्मनीच्या फाबर-कास्टेलनें खास चित्रकारांसाठीं अशा पेन्सिली १९०८ मध्येंच काढल्या होत्या, आणि अमेरिकेंत ईगल कंपनीची प्रिझ्माकलर १९३८ मध्यें आली. काळ्या पेन्सिलीचें शिसें भट्टींत भाजतात. रंगीत कांडी मेणानें बांधलेली असल्यामुळें ती तशी भाजतां येत नाहीं. म्हणूनच ती मऊ राहते आणि खडबडीत पृष्ठावर चटकन् उमटते.

स्ट्रूझन यांनीं हा गुण नेमका हेरला. जाड पुठ्ठ्यावर ते जेसोचा पांढरा लेप देत आणि त्यावर साधें रेखाटन करीत. मग एअरब्रशनें अॅक्रिलिक रंगाच्या पातळ छटा उडवीत. त्या पारदर्शक असल्यानें खालचें रेखाटन बुजत नसे. शेवटीं रंगीत पेन्सिल हातीं घेऊन केसांच्या बटा, डोळ्यांतील चमक, गालावरचा प्रकाश हीं सारीं कामें ते करीत. १९८५ च्या ‘बॅक टु द फ्यूचर’ च्या चित्रांत चेहरे जिवंत भासतात, त्याचें बरेंचसें श्रेय या रेघांना आहे, असें मला वाटतें.

या पद्धतीचा दुसरा लाभ म्हणजे वेग. पेन्सिलीची रेघ वाळण्याची वाट पाहावी लागत नाहीं. १९८२ सालीं ‘द थिंग’ साठीं निर्मात्यांकडून फोन आला, आणि चित्र दुसऱ्या दिवशीं सकाळीं हवें होतें! चित्रपट पाहिलेला नव्हता. स्ट्रूझन यांनीं अंगांत जाड कोट चढविला, पत्नीनें त्यांचें छायाचित्र घेतलें आणि त्यावरून रात्रभर काम चाललें. चेहऱ्याच्या जागीं नुसते प्रकाशाचे झोत फांकलेली ती आकृति ओल्या रंगानिशीं सकाळीं रवाना झाली. पोटासाठीं काढलेलें, एका रात्रीचें हें चित्र आज चित्रपटाइतकेंच नांवाजलें जातें. त्या विद्यालयांतील व्याख्येंत त्यास कोठें बसवावें?

रंगीत पेन्सिलीस मान मिळावा म्हणून अमेरिकेंत १९९० मध्यें एक संस्था निघाली. तोंवर स्ट्रूझन यांच्या रेघा दहा वर्षांहून अधिक काळ चित्रपटगृहांच्या दारांवर झळकत होत्या; पण त्यांस कोणी प्रदर्शन म्हटलें नव्हतें.

पुढें संगणकावर जुळविलेल्या छायाचित्रांनीं हातानें रंगविलेल्या जाहिरातींची जागा घेतली, आणि २००८ मध्यें त्यांनीं निवृत्ति जाहीर केली. मागणी सर्वस्वीं थांबली नाहीं. अधूनमधून ते एखादें चित्र करीत. मार्च २०२५ मध्यें त्यांच्या पत्नीनें कळविलें कीं, अल्झायमरच्या विकारामुळें त्यांस आतां चित्र काढतां येत नाहीं. त्याच वर्षीं १३ ऑक्टोबरला, वयाच्या ७८ व्या वर्षीं, ते निवर्तले.