पैठण रस्त्यावरचा ट्रान्झिस्टर

मराठीत ‘ट्रान्झिस्टर’ म्हणजे रेडिओ. तोही कपाटावर विणलेल्या रुमालाखाली बसणारा व्हॉल्व्हचा रेडिओ नव्हे, तर चामडी आवरणातला, पट्ट्याने खांद्याला अडकवून शेतात नेता येणारा. आत बसलेल्या सहा-सात चिमुकल्या तुकड्यांचे नाव अख्ख्या डब्याला मिळाले आणि त्या तुकड्यांना मात्र कुणी विचारीनासे झाले.

छत्रपती संभाजीनगरात रेडिओ त्याआधीच पोचला होता. शहर औरंगाबाद होते आणि निजामाच्या राज्यात होते, तेव्हा संस्थानाचे एक केंद्र हैदराबादला होते आणि दुसरे इथे. फाळणीनंतर भारतातल्या आकाशवाणीकडे अवघी सहा केंद्रे उरली होती. ते पाहता मराठवाड्यातल्या शहराला स्वतःचे केंद्र असणे ही थोरवीच. ऐकणारे मात्र थोडे. व्हॉल्व्हचा संच महाग, त्याला घरात वीज हवी नाहीतर जड बॅटरी हवी, शिवाय दरसाल पोस्टात परवान्याचे पैसे भरायचे.

1947 च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत बार्डीन आणि ब्रॅटन यांनी पहिला ट्रान्झिस्टर चालवून दाखवला. त्यांचा सहकारी शॉकले याने लगेच पुढच्या महिन्यात त्याची अधिक टिकाऊ, थरांची रचना मांडली. एमिटर, बेस आणि कलेक्टर असे तीन पाय असलेला आपल्या ओळखीचा ट्रान्झिस्टर तो हाच.

तो चालतो कसा, हे समजायला संभाजीनगरकरांनी पैठणला जावे. जायकवाडीला 27 दरवाजे आहेत. दार बंद असले की मागे नाथसागर कितीही भरलेला असो, गोदावरीत थेंब जात नाही. दार थोडे उचलले की जेवढे उचलाल तेवढे पाणी. ते पाण्याच्या वर निघाले, की मग कितीही ओढा, विसर्ग वाढत नाही. ट्रान्झिस्टरच्या तीन अवस्था याच: कट-ऑफ, अ‍ॅक्टिव्ह आणि सॅच्युरेशन. दार उचलणारा हात म्हणजे बेसमधला इवलासा प्रवाह. सिलिकॉनच्या ट्रान्झिस्टरला बेस आणि एमिटर यांच्यात 0.6 ते 0.7 व्होल्ट मिळाल्याशिवाय दार हलत नाही. जर्मेनियमच्या जुन्या ट्रान्झिस्टरला 0.2-0.3 व्होल्टही पुरत.

रेडिओला मधली अवस्था हवी. हवेतून आलेला क्षीण संदेश बेसवर जसा थरथरतो, तसाच पण कितीतरी मोठा प्रवाह कलेक्टरमध्ये थरथरायला हवा. सेल उतरू लागले की आवाज घोगरा व्हायचा, तो का? शेवटच्या टप्प्यातली ट्रान्झिस्टरची जोडी लाटेचा एकेक अर्धा भाग उचलते. व्होल्टेज घसरले की हलक्या स्वरांच्या वेळी दोघेही कट-ऑफमध्ये जातात आणि लाटेचा मधलाच तुकडा गळतो. मग सेल काढून उन्हात ठेवायचे आणि संध्याकाळच्या बातम्यांपुरता जीव आला तर पाहायचे. हा उपाय ज्याने केला नाही, त्याने ट्रान्झिस्टर वापरला असे म्हणू नये.

पैठणच्याच रस्त्यावर, धरणाच्या बऱ्याच अलीकडे, चितेगाव लागते. 1982 मध्ये दूरदर्शन रंगीत झाले आणि त्यानंतर काही वर्षांत धूत कुटुंबाच्या व्हिडिओकॉनने या भागाला टीव्हीचा पत्ता करून टाकले. इथे ट्रान्झिस्टरचे काम अगदी उलटे होते.

पिक्चर ट्यूबच्या टीव्हीत चित्र ओळीओळीने काढले जाई: 625 ओळी, सेकंदाला 25 चित्रे, म्हणजे सेकंदाला 15,625 ओळी. प्रत्येक ओळीला 64 मायक्रोसेकंद. किरणाला ओळीच्या शेवटाकडून झटक्यात पुन्हा सुरुवातीला आणण्याचे काम लाइन आउटपुट ट्रान्झिस्टरचे. दुरुस्तीवाल्यांना पाठ असलेला त्याचा नंबर म्हणजे बीयू 208. याला ‘थोडेसे उघडे’ राहणे परवडतच नाही. पूर्ण उघडा असताना त्याच्यावर व्होल्टेज जवळपास नसते, पूर्ण बंद असताना प्रवाह नसतो. म्हणून दोन्ही वेळी तो फारसा तापत नाही. अधेमधे मात्र दोन्ही एकदम असतात आणि त्यांचा गुणाकार म्हणजे उष्णता. त्यातही खोच अशी, की सॅच्युरेशनमध्ये बेसात साठलेला विद्युतभार निघून जायला काही मायक्रोसेकंद लागतात, तोवर दार मिटत नाही. बंद होताच त्याच्यावर हजाराहून अधिक व्होल्टचा झटका येतो, म्हणून तो 1500 व्होल्ट सोसेल असा बनवलेला. तरी बिचारा शॉर्ट व्हायचाच. मग हीटसिंकवरून तो सोडवा, खालचा अभ्रकाचा पातळ पत्रा जपून काढा, नवा बसवा.

चपटे टीव्ही आले आणि ट्यूबबरोबर हे कामही गेले. 2018 मध्ये व्हिडिओकॉन दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली.

कॉलेजच्या प्रयोगशाळांत मात्र तीन पायांचा बीसी 547 अजून वाटला जातो. चपटी बाजू समोर धरून पाय खाली केले, की त्याचे पाय डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर असे येतात. 2एन 3904 या अमेरिकी नंबरचे नेमके उलट. एकाच्या जागी दुसरा तसाच खोचला, की चौथी अवस्था भेटते: रिव्हर्स अ‍ॅक्टिव्ह. ट्रान्झिस्टर जळत नाही, पण शंभर-दोनशे पट वाढ देणारा तो पाच-दहा पटींवर येतो. मुले सर्किट तपासतात, वायरी बदलतात, मल्टिमीटरवर संशय घेतात. कुणी तरी शेवटी तुकडा उपसून पाठीकडून पोटाकडे फिरवतो आणि पुन्हा बोर्डात दाबतो.