मुक्या झालेल्या यंत्राची कहाणी

मी खेड्यातल्या शाळेचा मास्तर. शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, कादंबऱ्या लिहितो त्या उरलेल्या वेळात. यंत्रांशी माझा संबंध शाळेच्या घंटेपलीकडे फारसा गेला नाही. अशा माणसाने संगणकांचा आणि बिनतारी यंत्रांचा इतिहास सांगावा, हे वाचकांना जरा विचित्र वाटेल. पण प्रसंगच तसा आला.

दोन वर्षांपूर्वी श्रावणात आमच्या नदीला पूर आला. पूल पाण्याखाली गेला, वीज गेली आणि पाठोपाठ मोबाइलही मुके झाले. पलीकडच्या तीरावर, मळ्यातल्या घरात, माझी म्हातारी आई होती. माझा एक जुना विद्यार्थी परवानाधारक हॅम आहे, म्हणजे हौसेने बिनतारी संदेश पाठवणारा. अशा वेळेसाठी त्याच्यापाशी दोन सेट असत. एक अलीकडे त्याच्याकडे ठेवायचा, दुसरा पलीकडच्या त्याच्या परवानाधारक मित्राकडे. मी भिजत त्याच्या घरी गेलो. तो खाली मान घालून म्हणाला, "गुरुजी, एकच सेट चालू आहे. दुसरा मीच मारला."

एकट्या सेटने बोलायचे तरी कोणाशी? दोन रात्री मी ओटीवर बसून काढल्या. तिसऱ्या दिवशी पाणी उतरले. आई सुखरूप होती. उलट मलाच म्हणाली, तोंड का असे उतरले आहे? परंतु "दुसरा मीच मारला" हे शब्द माझ्या मनातून जाईनात. सेट पडला नव्हता, भिजला नव्हता. नव्या, झपाट्याने चालणाऱ्या संगणकाला जोडून त्याने त्यात माहिती भरायला घेतली आणि सेट जागच्या जागी मुका झाला. हे कसे घडले, याचा मी शोध घेऊ लागलो.

ही कहाणी अमेरिकेत सुरू होते. १९२८ साली डेट्रॉइट शहराच्या पोलिसांनी आपल्या मोटारींत रेडिओ बसवले. मोटारीतल्या शिपायाला हुकूम ऐकू येई, पण त्या रेडिओवरून उत्तर देता येत नसे. १९३३ मध्ये न्यू जर्सीतल्या बेयॉन गावच्या पोलिसांकडे दुतर्फा बोलणारी यंत्रे आली. त्याच १९२८ साली शिकागोत पॉल गॅल्विन आणि त्यांचे बंधू जोसेफ यांनी एक लहानसा कारखाना काढला होता. १९३० मध्ये त्यांनी मोटारीतला रेडिओ बाजारात आणला आणि त्याचे नाव ठेवले मोटोरोला. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैनिकांच्या पाठीवर जे एससीआर ३०० हे यंत्र होते, ते याच कारखान्याचे. वजन सुमारे १६ किलो.

त्या काळी सेट कोणत्या लहरीवर बोलणार, हे स्फटिक ठरवीत असे. क्वार्ट्झची पातळ चकती. तिच्या जाडीवर तिच्या कंपनांची संख्या अवलंबून. लहर बदलायची तर स्फटिक बदलायचा. पुढे एकाच स्फटिकापासून हव्या त्या लहरी तयार करणारी मंडले आली, आणि १९८० च्या दशकात त्या लहरींचे आकडे सेटच्या पोटातल्या एका चिपमध्ये साठवले जाऊ लागले. मोटोरोलाच्या कारागिरांत या साठवलेल्या माहितीला 'कोडप्लग' म्हणतात. आता पेचकसाचे काम संपले. आकडे भरायला संगणक लागू लागला.

तो संगणकही नेमका याच सुमारास आला होता. १२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएम कंपनीने आपला पीसी जाहीर केला. त्याच्या मेंदूचा ठोका सेकंदाला ४७ लाख ७० हजार वेळा पडे. त्यावर डॉस नावाची प्रणाली चाले. डॉस ही एखाद्या भोळ्या घरमालकासारखी. एका वेळी एकच बिऱ्हाड ठेवायचे आणि सगळ्या घराच्या किल्ल्या त्याच्या हाती द्यायच्या. प्रोग्राम थेट यंत्राच्या मागच्या सीरियल पोर्टवर हात ठेवी. त्या पोर्टची वीज आणि सेटची वीज यांची पातळी निराळी, म्हणून मध्ये एक लहान पेटी जोडीत. तिला कारागीर 'रिब' म्हणत. संगणक, पेटी, सेट अशी ही साखळी होती.

आता खरी मेख. सेटशी बोलताना प्रोग्रामला मध्ये मध्ये थांबावे लागे. एक शब्द पाठवला की सेटला तो चिपमध्ये लिहून घ्यायला क्षणभर उसंत हवी. ही उसंत मोजायची कशी? लपंडावात राज्य आलेला मुलगा भिंतीकडे तोंड करून शंभर मोजतो, तसाच हिशेब पुष्कळ प्रोग्रामांत केलेला होता. रिकाम्या फेऱ्या मारायच्या, अमुक फेऱ्या झाल्या की पुढे जायचे. मोजणाऱ्याची गती ठाऊक होती तोवर खेळ नीट चालला. पण दहाच वर्षांत मोजणारा कितीतरी चपळ झाला. शंभर तेच, पण डोळ्याचे पाते लवते न लवते तोच मोजून संपले. गडी अजून लपलेला नाही आणि हा हाका मारतो आहे! सेट एक शब्द लिहीत असतानाच दुसरा येऊन आदळे, आणि चिपमधली पाटी अर्धवट पुसलेली राही.

याच जातीचा एक दोष तर प्रसिद्ध आहे. टर्बो पास्कल या भाषेत लिहिलेले प्रोग्राम सुरू होताना, ५५ मिलिसेकंदांत आपल्या किती फेऱ्या होतात ते मोजत आणि त्या संख्येला ५५ ने भागत. उत्तर ठेवायला जागा होती ती ६५,५३५ पर्यंतच. १९९७ साली पेंटियम टू आला, उत्तर त्या जागेत मावेना, आणि प्रोग्राम 'रनटाइम एरर २००' एवढेच सांगून मरू लागले. लिहिणाऱ्याचा हिशेब त्याच्या काळापुरता बरोबर होता. मोजणारा एवढा धावेल, हे त्याच्या ध्यानी आले नाही.

पुढे अडचणींवर अडचणी चढल्या. २००१ मधल्या विंडोज एक्सपीने घरच्या किल्ल्या स्वतःच्या कनवटीला लावल्या. प्रोग्रामला पोर्टवर थेट हात ठेवता येईना. ६४ बिटांच्या विंडोजवर डॉसचे प्रोग्राम मुळी चालतच नाहीत, आणि २०२१ चे विंडोज ११ तेवढ्याच जातीचे आहे. सीरियल पोर्ट जाऊन यूएसबी आले. त्याला जोडायचे रूपांतरक मिळतात, पण त्यांतले काही शब्दांचे गठ्ठे बांधून १६-१६ मिलिसेकंदांनी पोचवतात. जुन्या सेटला तेवढा उशीरही खपत नाही. इकडे घाई मारक, तिकडे दिरंगाई मारक.

मग हे सेट टाकून का देत नाहीत? पुष्कळांनी टाकलेच. अमेरिकेत १ जानेवारी २०१३ पासून पोलीस, अग्निशमन, कारखाने अशांना ठराविक पट्ट्यांत २५ ऐवजी १२.५ किलोहर्ट्झ रुंदीतच बोलण्याचे बंधन आले आणि रुंद बोलणारे कैक सेट मोडीत निघाले. ते दणकट सेट स्वस्तात हॅम मंडळींच्या हाती पडले. हॅमांवर ते बंधन नव्हते. अडचण फक्त नव्या लहरी भरण्याची होती.

तिच्यावर त्यांनी नाना उपाय शोधले. कोणी संगणकाला मुद्दाम मंद करणारे प्रोग्राम वापरले. डॉसबॉक्स नावाचा एक प्रोग्राम २००२ मध्ये आला. तो नव्या संगणकाच्या पोटात जुना संगणक उभा करतो, आणि त्याला मिलिसेकंदाला ३००० च आदेश पाळ, अशी वेसण घालता येते. १९९४ मध्ये जिम हॉल यांनी फ्रीडॉसची घोषणा केली. ती प्रणाली आजही फुकट मिळते. तरी खात्रीचा उपाय एकच मानला जातो: खरा सीरियल पोर्ट असलेला जुना, संथ संगणक जपून ठेवायचा. आणि सेटमध्ये काही लिहिण्यापूर्वी आधी त्यातले वाचून घ्यायचे, त्याची प्रत ठेवायची.

"प्रत ठेवली होतीस का रे?" मी माझ्या विद्यार्थ्याला विचारले. त्याने मान हलवली. "घाई केली, गुरुजी."

माझ्या आजोबांच्या पेटीत मोडीतले कागद आहेत. शाई ताजी, कागद धड. पण घरात ते वाचणारा कोणी उरला नाही. जमिनीचे आहेत की कर्जाचे, हेदेखील आम्हांला ठाऊक नाही. सेटची गोष्ट ऐकताना मला ती पेटी आठवत होती.

गेल्या दिवाळीत तो मला त्याच्या खोलीत घेऊन गेला. जुन्या बाजारातून त्याने एक जाडजूड लॅपटॉप आणला होता; बॅटरी मेलेली, पण मागे नऊ टाचण्यांचा पोर्ट शाबूत. त्याने चांगल्या सेटमधली माहिती वाचून घेतली, तिची प्रत केली आणि ती मुक्या सेटमध्ये भरू लागला. पडद्यावर आकडे सावकाश सरकत होते. मी काही विचारायला तोंड उघडले, तर त्याने बोट ओठांवर ठेवले. मास्तरला विद्यार्थ्याने गप्प केले!

दुसऱ्याच्या आकड्यांवर जागा झालेला तो सेट पुन्हा हाताने जुळवायला त्याला आठवडा लागला. आता तो नदीपलीकडे, त्याच्या मित्राच्या माडीवर आहे. यंदा पूर आला नाही. तरी दर रविवारी संध्याकाळी दोघे दोन वाक्ये बोलून पाहतात, आणि जमेल तेव्हा मीही जाऊन बसतो. आजोबांची पेटीही मी माळ्यावरून खाली काढली आहे. तालुक्याच्या गावी मोडी शिकवणारे एक वृद्ध गृहस्थ आहेत, असे कळले आहे.