बहरीनचा रुपया

ऑनलाइन दुकानात शेवटी 'पैसे भरा' असं बटण असतं ना, त्याच्यामागे बहुतेक वेळा दुसऱ्याच कंपनीचा प्रोग्राम चालतो. तो बंद पडला की माल तयार, गिऱ्हाईक दारात, पण गल्ला बंद! आम्हा इंजिनियर लोकांचा यावरचा उपाय साधा आहे. त्या परक्या प्रोग्रामसाठी काही सेकंदच थांबायचं आणि पैसे घ्यायची दुसरी वाट आधीच बांधून ठेवायची. बहरीनने १९६५ साली हेच अख्ख्या देशाच्या गल्ल्यासाठी केलं.

गंमत म्हणजे तेव्हा ते 'परकं' म्हणजे आपणच होतो. इथल्या बाजारात आपला रुपया चालायचा. आखातात रुपये मोजून सोनं घ्यायचं, चोरून मुंबईला उतरवायचं, आणि ते रुपये मग बँकांमार्फत रिझर्व्ह बँकेकडे जाऊन बदल्यात पौंड मागायचे. परकीय चलनाला लागलेली ही गळती थांबवायला भारताने १९५९ मध्ये आखातासाठी वेगळ्या नोटा काढल्या. छापल्या नाशिकलाच, पण रंग निराळा, क्रमांकाआधी 'झेड' हे अक्षर, आणि भारतात त्या चालत नसत. किंमत मात्र आपल्या रुपयाइतकीच. म्हणजे मनामातल्या दुकानदाराच्या पैशाचं मोल ठरणार दिल्लीत!

कुवेतने १९६१ मध्येच आपला दिनार काढला, पण तो तेरा पूर्णांक एक तृतीयांश रुपयांचा. (करा तोंडी हिशोब!) बहरीनचा दिनार ऑक्टोबर १९६५ मध्ये आला, तो सरळ दहा रुपयांचा. मला हे फार आवडतं. आतलं यंत्र सगळं बदललं, पण दुकानदाराला फक्त दशांश चिन्ह एक घर सरकवायचं होतं.

आणि ६ जून १९६६ ला रुपयाचं अवमूल्यन झालं. डॉलर ४.७६ रुपयांवरून ७.५० वर गेला. शंभर रुपयांचे एकवीस डॉलर व्हायचे, ते तेरावर आले. बहरीन जेमतेम आठ महिने आधी सुटलं होतं. यात थोडं नशीबही असेल. कतार आणि दुबई मात्र अजून आखाती रुपयावरच होते. त्यांना घाईघाईने सौदी रियालवर काम भागवावं लागलं, मग त्याच वर्षी दोघांनी मिळून स्वतःचा रियाल काढला. अबू धाबीने तर बहरीनचाच दिनार उचलला.

इथे जुन्या लोकांच्या बोलण्यात शंभर फिल्सना अजून 'रुबिया' म्हणतात. हजार फिल्सचा एक दिनार, तेव्हा हिशोब बरोबर आहे.