गाठीभोवतीची सुई

“गाठीला सुरी लावली की ती भडकते.” पनवेलजवळच्या विचुंब्यात असो, खुद्द पनवेल शहरात असो की पार चंद्रपूरला, छातीतल्या गाठीबद्दल कुजबुज सुरू झाली की घरातलं कुणीतरी जाणतं माणूस हे वाक्य बोलतंच. या समजुतीपायी कित्येक बायका ऑपरेशन लांबवत राहिल्या आणि मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात पोचेपर्यंत दुखणं हाताबाहेर गेलं. कॅन्सरच्या डॉक्टरांना या वाक्याची चीड येते ती उगाच नाही. लवकर सापडलेली गाठ काढून टाकणं हाच अजूनही मुख्य इलाज आहे. तरीही मुंबईतल्या एका सर्जनने ज्या प्रश्नाचा तीस वर्षं पिच्छा पुरवला, तो या भीतीच्या अगदी शेजारचा आहे. ऑपरेशनच्या त्या तासाभरात गाठीत नेमकं काय घडतं, आणि ते आधीच थोपवता येईल का?

त्या शोधातून निघालेला उपाय ऐकायला अगदीच किरकोळ वाटतो. सुरी लावण्याआधी ७ ते १० मिनिटं, गाठीच्या चहूबाजूंनी ०.५ टक्के लिडोकेनचं इंजेक्शन द्यायचं. लिडोकेन म्हणजे दात काढताना हिरडी बधिर करणारं औषध. दवाखान्यात त्याला सगळे झायलोकेनच म्हणतात. गंमत अशी की बाई तेव्हा पूर्ण भुलेखाली असते, तिला काहीच दुखणार नसतं. म्हणजे ही सुई वेदनेसाठी नाहीच.

हिचं कुळ शोधायला १८८४ च्या व्हिएन्नात जावं लागतं. तिथे कार्ल कोलर या तरुण डॉक्टरने डोळ्यात कोकेनचे थेंब टाकून डोळा बधिर होतो हे दाखवलं. बातमी न्यूयॉर्कला पोचली तेव्हा विल्यम हॉल्स्टेड या सर्जनने ती उचलली. त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी कोकेनची इंजेक्शनं एकमेकांना टोचली, स्वतःलाही टोचली, आणि एखाद्या मज्जातंतूभोवती औषध सोडलं की त्याच्या ताब्यातला सगळा भाग बधिर होतो हे शोधून काढलं. आज दंतवैद्य जबड्यात सुई देतो ती याच प्रयोगांची देणगी. किंमतही मोजावी लागली. हॉल्स्टेडला कोकेनचं व्यसन जडलं. १८८५ मध्ये त्याने या विषयावर छापलेला लेख इतका विस्कळीत आहे की तो वाचूनच लेखकाची अवस्था कळते.

सावरण्यासाठी तो बाल्टिमोरला गेला, जॉन्स हॉपकिन्समध्ये स्थिरावला, आणि तिथे त्याच्या हातून ज्या ऑपरेशनला जगभर नाव मिळालं ते स्तनाच्या कॅन्सरचं. १८९४ मध्ये त्याने ५० रुग्णांचा लेखाजोखा मांडला. कॅन्सर एका जागी सुरू होतो आणि तिथून हळूहळू, टप्प्याटप्प्याने बाहेर सरकतो, अशी त्याची धारणा होती. म्हणून स्तन, त्याखालचे छातीचे स्नायू आणि काखेतल्या गाठी असं सगळं एकत्र खरवडून काढायचं. पुढची पाऊणशे वर्षं सर्जन हेच करत राहिले. बायका वाचल्या तरी खोलगट छाती आणि सुजलेला हात घेऊन जगल्या.

या धारणेला पहिला मोठा धक्का बर्नार्ड फिशर यांनी दिला. अमेरिकेत १९७१ साली त्यांनी सुरू केलेल्या चाचणीत कोणत्या बाईला कोणतं ऑपरेशन मिळेल हे सर्जनच्या मर्जीवर नव्हतं. ते चिठ्ठी टाकावी तसं ठरत होतं. स्नायू काढलेल्या आणि न काढलेल्या बायका सारख्याच प्रमाणात जगल्या. इटलीत उम्बेर्तो वेरोनेसी यांनी स्तन वाचवूनही तेवढंच यश मिळतं हे दाखवून दिलं. याचा अर्थ सरळ होता. अनेक बायकांमध्ये गाठ हाताला लागण्याआधीच काही पेशी अंगभर पोचलेल्या असतात, मग सुरी कितीही खोल गेली तरी काय उपयोग? केमोथेरपी आणि टॅमॉक्सिफेनसारख्या गोळ्यांना महत्त्व आलं ते यातूनच.

या गडबडीत ऑपरेशनचा दिवस मात्र कुणाच्या खिजगणतीत राहिला नाही. तो पुन्हा चर्चेत आणला राजेंद्र बडवे यांनी. मुंबईचे हे सर्जन तेव्हा लंडनच्या गाइज हॉस्पिटलमध्ये काम करत होते. तिथल्या जुन्या नोंदी काढून त्यांनी आणि इयान फेंटिमन यांच्या गटाने, मासिक पाळी चालू असलेल्या २४९ बायकांचं ऑपरेशन पाळीच्या कितव्या दिवशी झालं होतं ते पाहिलं. १९९१ मध्ये ‘लॅन्सेट’ने ते छापलं. पाळी सुरू झाल्यावर तिसऱ्या ते बाराव्या दिवसात ऑपरेशन झालेल्या बायकांपैकी दहा वर्षांनी ५४ टक्के हयात होत्या. इतर दिवशी झालेल्यांपैकी ८४ टक्के. एवढी तफावत कुठल्याही औषधाने पडत नव्हती. साहजिकच जगभर लोकांनी आपापल्या नोंदी उकरल्या. काहींना तेच दिसलं, काहींना काहीच दिसलं नाही, आणि वाद बरीच वर्षं धुमसत राहिला. जुन्या कागदांवरून काढलेल्या निष्कर्षाचं हे नेहमीचंच दुखणं आहे.

बडवे मुंबईला परतले आणि त्यांनी प्रश्नच फिरवला. ऑपरेशन थिएटरची यादी आधीच तुडुंब भरलेली असताना पाळीच्या तारखा बघून टेबल देणं कुठल्या सरकारी रुग्णालयाला जमणार? पण पाळीच्या दुसऱ्या टप्प्यात शरीर जे प्रोजेस्टेरॉन बनवतं, ते बाहेरून देता येतं. १९९७ पासून टाटामध्ये एक चाचणी सुरू झाली. ऑपरेशनच्या ५ ते १४ दिवस आधी निम्म्या बायकांना प्रोजेस्टेरॉनचं एकच इंजेक्शन, निम्म्यांना काही नाही. ९७६ बायकांचा निकाल २०११ मध्ये आला. सगळ्यांचा मिळून फरक नगण्य होता. काखेतल्या गाठींपर्यंत रोग पोचलेल्या बायकांमध्ये मात्र, पाच वर्षं रोग न उलटता राहिलेल्यांचं प्रमाण ५४.७ वरून ६५.३ टक्क्यांवर गेलं होतं. एका गटापुरता दिसलेला असा फायदा संख्याशास्त्रज्ञ सहजासहजी पदरात घेत नाहीत, आणि त्यांचं बरोबर असतं. पण ऑपरेशनच्या आसपासच्या काळाकडे बघण्यासारखं काहीतरी आहे एवढं नक्की झालं.

इथे हॉल्स्टेडच्या वारशाची दुसरी शाखा, बधिर करणाऱ्या औषधांची, कथेत शिरते. कोकेन व्यसनाचं, म्हणून रसायनशास्त्रज्ञ त्याला पर्याय शोधत होते. १९३० च्या दशकात स्टॉकहोममध्ये बार्लीच्या रोपांतल्या एका द्रव्यावर काम चालू असताना होल्गर एर्टमान यांनी प्रयोगशाळेत बनवलेला एक पदार्थ चाखून पाहिला आणि त्यांची जीभ बधिर झाली. (त्या काळचे रसायनशास्त्रज्ञ सर्रास चाखून बघत.) त्याच धाग्यावर निल्स ल्योफग्रेन यांनी १९४३ मध्ये लिडोकेन तयार केलं. बेंग्ट लुंडक्विस्ट या त्यांच्या तरुण सहकाऱ्याने ते आधी स्वतःला टोचून पाहिलं. १९४८ मध्ये आस्ट्रा कंपनीने ते झायलोकेन नावाने बाजारात आणलं.

हे औषध मज्जातंतूंमधली सोडियमची दारं बंद करतं. म्हणून वेदनेचा निरोप पुढे जात नाही. पुढे लक्षात आलं की स्तनाच्या कॅन्सरच्या काही पेशींवरही तशीच दारं असतात आणि ती उघडी असली की पेशी आसपासच्या मांसात जास्त घुसतात. गाठ हाताळली, दाबली, कापली जाते तेव्हा या पेशींना एक प्रकारे इशारा मिळत असावा, आणि सुरीआधीच दारं लावली तर तो हुकेल, हा टाटातला तर्क.

हा तर्क तपासायला डिसेंबर २०११ मध्ये सुरू झालेली चाचणी देशातल्या ११ केंद्रांमध्ये फेब्रुवारी २०२२ पर्यंत चालली आणि तिच्यात १,६०० बायका आल्या. दहा वर्षं कशाला? अपेक्षित फायदा शंभरात तीनचार बायकांचा असेल तर तो योगायोग नाही हे ठरवायला एवढी संख्या आणि एवढा धीर लागतोच. बडवे यांनी सप्टेंबर २०२२ मध्ये पॅरिसच्या परिषदेत निकाल मांडला. २०२३ मध्ये तो ‘जर्नल ऑफ क्लिनिकल ऑन्कॉलॉजी’त आला. पाच वर्षांनी हयात असलेल्यांचं प्रमाण सुई न दिलेल्यांत ८६.४ टक्के, दिलेल्यांत ९०.१. रोग न उलटता राहिलेल्या अनुक्रमे ८२.६ आणि ८६.६ टक्के. इंजेक्शनचा त्रास कुणालाही झाला नाही.

औषधाचं पेटंट कधीच संपलेलं, बाटली शंभर रुपयांच्या आत. अशा चाचणीवर कुठली औषध कंपनी पैसे लावेल? ती झाली याचं कारण टाटा मेमोरियल अणुऊर्जा विभागाच्या, म्हणजे सरकारच्या अखत्यारीत आहे. पनवेलकरांना हे रुग्णालय परळचं वाटत असलं तरी त्याचं संशोधन केंद्र, अ‍ॅक्ट्रेक, पनवेल तालुक्यातच खारघरला आहे. विचुंब्याहून पनवेल स्टेशन गाठलं की हार्बरवरचं तिसरं स्टेशन. आणि लिडोकेन तर विचुंब्याच्या आसपासच्या कुठल्याही नर्सिंग होमच्या कपाटात असतंच. त्यासाठी नवं यंत्र नको की नवं प्रशिक्षण.

मग जगभर हे लगेच सुरू का झालं नाही? शंका घेणाऱ्यांची बाजूही लंगडी नाही. ज्यांना सुई दिली नाही त्यांना नुसतं सलाइनसुद्धा टोचलेलं नव्हतं, त्यामुळे फरक औषधाचा की गाठीभोवती पाणी भरण्याचा, हे काटेकोरपणे सांगता येत नाही. शिवाय २०१९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या, २,१०० हून जास्त बायकांच्या एका आंतरराष्ट्रीय चाचणीत मणक्याजवळचे मज्जातंतू बधिर करून ऑपरेशन केल्याने रोग उलटण्यात काडीचा फरक पडला नव्हता. बडवे यांच्या गटाचं म्हणणं असं की तिथे औषध गाठीपाशी पोचलंच नव्हतं. हे पटण्याजोगं आहे, पण पटणं म्हणजे सिद्ध होणं नव्हे. दुसऱ्या देशात, दुसऱ्या हातांनी तीच चाचणी पुन्हा व्हायला हवी.

आणखी एक मुद्दा काळाचा. २०२३ चा निकाल साधारण ६८ महिन्यांच्या पाठपुराव्यावर उभा आहे. हार्मोनला प्रतिसाद देणारा स्तनाचा कॅन्सर दहा-पंधरा वर्षांनीही उलटतो. चाचणीत शेवटी आलेल्या बायकांची दहा वर्षं २०३२ मध्ये पुरी होतील.