सही करण्यापूर्वी

मंडळी, रास अल खैरला आमच्या प्लांटवर दिवसाची सुरुवात सहीने होते. पाइपलाइनचा साधा एक व्हॉल्व्ह उघडायचा असला तरी आधी पर्मिट लागतं. लाइन बंद केली का, गॅस तपासला का, कुलूप घातलं का, हे सगळं वाचायचं, जागेवर जाऊन बघायचं आणि मगच सही ठोकायची. नवीन आलेल्या पोरांना मी पहिल्या दिवशी एकच सांगतो, "बाबा रे, न वाचता सही केलीस तर उद्या तुझ्यावरच शेकेल."

जुबैलला घरी हे तत्त्वज्ञान मी जरा जास्तच झाडलं असावं. कारण २६ नोव्हेंबरला, म्हणजे संविधान दिनाला, शाळेत उद्देशिकेचा मोठा तक्ता लावून त्याखाली सगळ्या मुलांच्या सह्या घेणार असं कळलं, तेव्हा आमचे सहावीतले चिरंजीव म्हणाले, "बाबा, तूच म्हणतोस ना, न वाचता सही करायची नाही. मी तर राज्यघटना वाचलीच नाहीये. आणि नाही केली सही तर मी भारतीय नाही का?"

प्रश्न सरळ होता, उत्तर मात्र मला पटकन देता आलं नाही. म्हणून हा लेख.

न वाचता केलेल्या सहीचं दुखणं आपल्याला जुनं आहे. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यात सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर धाव घेतली. इतिहासात याला दख्खनचे दंगे म्हणतात. लोकांना धान्य-दागिन्यांपेक्षा हवे होते ते कर्जरोखे. आपण अंगठा उठवला त्या कागदावर नेमकं काय लिहिलंय हे ज्यांना कधी वाचताच आलं नव्हतं, त्यांनी ते कागद जाळले. सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला. शेतकऱ्याने करून दिलेला दस्त गावच्या निबंधकासमोर व्हावा, अशी तरतूद त्यात होती. म्हणजे आमचं पर्मिटच म्हणा ना!

पुढची गोष्ट औंधची. सातारा-सांगलीकडचं हे छोटं संस्थान. राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १९३९ च्या जानेवारीत आपले अधिकार प्रजेला देणारी राज्यघटना लागू केली. मागे त्यांचे चिरंजीव अप्पासाहेब, मॉरिस फ्रीडमन नावाचे पोलिश इंजिनियर (आमच्याच जातीचे!) आणि गांधीजींचा सल्ला. प्रौढांना मताचा अधिकार मिळाला, पण एका अटीवर. लिहिता-वाचता आलं पाहिजे. हेतू चांगला होता, लोकांनी अक्षरं गिरवावीत हा. पण अट ती अटच. ज्याला अक्षरओळख नाही, तो तूर्त बाहेर.

दिल्लीत घटना समितीने ही अट ठेवली नाही. १९५१ च्या जनगणनेत साक्षर होते शंभरात जेमतेम १८. साक्षरतेची अट घातली असती तर बहुतेक देश दाराबाहेर उभा राहिला असता. कलम ३२६ ने प्रत्येक प्रौढाला मत दिलं. १९५१-५२ च्या निवडणुकीत १७ कोटींवर मतदार होते. प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी आणि पेटीवर चिन्ह. वाचता येवो न येवो, बैलजोडी तर ओळखता येते!

त्यातही एक ठेच लागलीच. यादीत स्वतःचं नाव न सांगता अमक्याची बायको, तमक्याची आई एवढंच सांगणाऱ्या सुमारे २८ लाख बायकांची नावं वगळावी लागली. ती मुख्यतः उत्तरेकडच्या राज्यांतली. सही जाऊ द्या, नावसुद्धा त्यांना अजून आपलं वाटत नव्हतं.

आता खऱ्या सह्यांविषयी. घटना स्वीकारली २६ नोव्हेंबर १९४९ ला, पण सभासदांच्या सह्या झाल्या २४ जानेवारी १९५० ला. सह्या करणारे होते २८४ जण. बाबासाहेब आधी बंगालमधून निवडून आले होते. फाळणीत ती जागा गेली आणि बॅ. जयकरांच्या रिकाम्या जागेवर मुंबईतून ते पुन्हा आले, म्हणून आपल्याला मसुदा समितीचे अध्यक्ष मिळाले. सह्यांचं पान पाहिलंत तर गंमत दिसेल. नेहरूंच्या सहीच्या वर राजेंद्रबाबूंची सही अरुंद जागेत तिरकी बसवलेली आहे. आणि समितीचे एक सभासद, मौलाना हसरत मोहानी, यांनी सहीच केली नाही. त्यांना ही घटना मान्य नव्हती. म्हणून त्यांचा एकही हक्क कमी झाला नाही. त्यांना जे मिळालं तेच सही करणाऱ्या २८४ जणांना मिळालं.

मला वाटतं, चिरंजीवांचं उत्तर इथे आहे. मी ज्या देशात नोकरी करतो तिथे १९९२ साली राजांनी मूलभूत कायदा जाहीर केला. कुराण आणि सुन्नत हेच संविधान, असं त्याचं पहिलं कलम सांगतं. तो वरून आला, लोकांनी सही करायचा प्रश्नच नव्हता. आपली उद्देशिका मात्र 'आम्ही' या शब्दाने सुरू होते. त्या 'आम्ही'त सही करणारे आले, न करणारे आले आणि सही न येणारेही आले. महाराष्ट्रात २०२० च्या प्रजासत्ताक दिनापासून शाळाशाळांत उद्देशिकेचं सामूहिक वाचन सुरू करायचं ठरलं, ते मला सहीपेक्षा बरं वाटतं. आधी वाचा तरी!

त्या रात्री आम्ही दोघांनी उद्देशिका वाचली. 'सार्वभौम' आणि 'बंधुता' यांवर अर्धा तास गेला, 'समाजवादी' हा शब्द १९७६ साली घातला गेला यावर आणखी थोडा. मग मी त्याला माझ्या आजीविषयी सांगितलं. तिला सही येत नव्हती, रेशनच्या दुकानात शेवटपर्यंत अंगठाच. पण १९५२ साली डोक्यावर पदर घेऊन ती मत द्यायला गेली आणि बोटावरची शाई आठवडाभर शेजारणींना दाखवत होती.

"म्हणजे ती पणजीची सहीच," चिरंजीव म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्याने सही केली, मराठीत, जरा वाकडीच. शाळेत कुणी सक्ती केली नव्हती म्हणे. दोन मुलांनी केली नाही, आणि बाईंनी त्यांना काही म्हटलं नाही. मला ते ऐकून जास्त बरं वाटलं.

असो. तुम्ही उद्देशिका शेवटची कधी वाचली होती?