साथींच्या गर्दींत मुंबई

इ. स. १८९६ च्या सप्टेंबरांत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनीं मांडवी भागांत प्लेग ओळखला, तेव्हां मुंबईंत पटकी, देवी आणि हिवताप यांचा मुक्काम आधींपासूनच होता. अंगांत ताप भरला, तर तो नेमका कशाचा हें पहिल्या दिवशीं सांगणें कठीण. परंतु प्लेगच्या नुसत्या संशयावरून माणसास सक्तीनें इस्पितळांत नेतां येई. परिणाम असा झाला, कीं रोग कोणताहि असो, लोक रोगी लपवूं लागले. २९ ऑक्टोबरला गिरणीकामगारांनीं आर्थर रोड इस्पितळावर हल्लाहि केला.

पटकीची लस आधींच सिद्ध करणाऱ्या हाफकिन यांनीं १० जानेवारी १८९७ रोजीं मुंबईंत प्लेगची नवी लस स्वतःस टोंचून घेतली. विद्या होती, उणीव होती ती विश्वासाची. पुढें निरनिराळ्या समाजांनीं स्वतःचीं प्लेग-इस्पितळें काढलीं. तेथें शुश्रूषेला आपलीं माणसें असत, म्हणून रोगी पाठविण्यास घरचे कमी कचरत. अनेक साथी एकदम आल्या, कीं आधीं हें पाहावें लागतें, कीं रोग्याच्या घरचें दार वैद्यासाठीं उघडेल कसें. धाकानें तें उघडत नाहीं, हें मुंबईनें तेव्हां अनुभविलें.