ज्युबिलीची कुळकथा

राजाच्या कारकिर्दीला पंचवीस, पन्नास किंवा साठ वर्षे झाली की राज्यभर सोहळा करायचा, काही कैद्यांना सोडायचे, नाणी आणि तिकिटे काढायची, एखाद्या शाळेला नाहीतर दवाखान्याला त्या वर्षाचे नाव द्यायचे, ही चाल जगभर ‘ज्युबिली’ म्हणून ओळखली जाते. मराठीत ती रौप्य, सुवर्ण आणि हीरक महोत्सव या नावांनी रुळली. तिचा थाट पाहता ती राजेशाहीइतकीच जुनी असावी असे वाटते, पण आजच्या रूपात तिचे वय दोनशे वर्षांच्या थोडे पुढे आहे. शिवाय तिचा उगम शोधत मागे गेले तर राजवाडा लागतच नाही. लागते ते कर्जात बुडालेल्या शेतकऱ्याचे वावर.

बायबलच्या जुन्या करारात ‘लेवीय’ नावाचे पुस्तक आहे. त्याच्या २५व्या अध्यायात ज्यू लोकांना घालून दिलेला एक नियम येतो. दर सातवे वर्ष जमिनीच्या विसाव्याचे. अशी सात सप्तके, म्हणजे ४९ वर्षे, झाली की पुढचे पन्नासावे वर्ष पवित्र मानायचे. प्रायश्चित्ताच्या दिवशी शिंग फुंकून त्याची दवंडी द्यायची. मेंढ्याच्या शिंगाला हिब्रूत ‘योबेल’ म्हणत, त्यावरून वर्षालाही तेच नाव पडले. त्या वर्षी विकलेली जमीन मूळ कुटुंबाकडे परत जाई आणि कर्जापायी स्वतःला विकून घेतलेला माणूस मोकळा होऊन घरी जाई. जमिनीचा भाव ठरवण्याची रीतही त्याच अध्यायात दिली आहे. पुढच्या योबेलला वर्षे जास्त उरली असतील तर किंमत जास्त, कमी उरली असतील तर कमी. थोडक्यात, विक्री पिकांची होई. जमीन घराण्याचीच राही. हा नियम प्रत्यक्षात कितपत पाळला गेला यावर अभ्यासकांचे एकमत नाही. पण असली कर्जमाफी त्या प्रदेशाला अनोळखी नव्हती. बॅबिलोनचे राजे गादीवर आल्यावर थकलेली कर्जे रद्द करणारे फर्मान काढत. इसवी सनापूर्वी सतराव्या शतकातल्या अम्मिसदुका राजाच्या अशा फर्मानाचा मजकूर मातीच्या विटांवर सापडला आहे.

राजाच्या दीर्घ कारकिर्दीचा उत्सव त्याहून जुन्या इजिप्तमध्ये होता. तिथे ‘सेद’ नावाचा विधी साधारणपणे राजवटीच्या तिसाव्या वर्षी करत आणि नंतर दर तीन-चार वर्षांनी त्याची आवृत्ती होई. त्यात राजाला सीमाचिन्हांमधून धावून दाखवावे लागे, कारण थकलेल्या राजाची ताकद या विधीने परत येते अशी समजूत होती. सक्कारा येथील जोसेर राजाच्या पायऱ्यांच्या पिरॅमिडपाशी यासाठी राखलेले अंगण आजही पाहायला मिळते. दुसरा रामसेस ६६ वर्षे राज्यावर होता. त्याने हा विधी तेरा-चौदा वेळा तरी केला. इतिहासकार सेदला सर्रास ‘ज्युबिली’ म्हणतात खरे, पण ते नाव मागाहून चिकटवलेले आहे. इजिप्तचा हा विधी इजिप्तबरोबरच संपला, युरोपातल्या चालीशी त्याचे रक्ताचे नाते नाही.

ते नाते रोममधून येते. लॅटिन बायबलमध्ये ‘योबेल’ शिरला तेव्हा आनंदाने आरोळी ठोकणे या अर्थाच्या एका लॅटिन क्रियापदाशी त्याची सरमिसळ झाली, आणि कर्जमाफीच्या वर्षाला उत्सवाचा रंग चढला. पोप आठवा बॉनिफेस याने सन १३०० हे ज्युबिलीचे वर्ष जाहीर केले. रोमवासीयांनी तीस दिवस आणि परगावच्यांनी पंधरा दिवस संत पीटर आणि संत पॉल यांच्या चर्चमध्ये दर्शन घ्यायचे, पापे कबूल करायची, की त्यांच्या शिक्षेची माफी. म्हणजे माफी कायम राहिली, फक्त कर्जाच्या जागी पाप आले. यात्रेकरू इतके लोटले की टायबर नदीवरच्या पुलावर जाणारे एका बाजूने आणि येणारे दुसऱ्या बाजूने अशी वाट विभागावी लागली. दान्तेने आपल्या नरकवर्णनात त्या गर्दीचा दाखला दिला आहे.

बॉनिफेसच्या मते ही पर्वणी शंभर वर्षांनी यायची होती. पण शंभर वर्षे थांबायला कोणाला सवड होती? सहाव्या क्लेमेंटने अंतर पन्नासावर आणले आणि १३५० साली, प्लेगने युरोप उजाड झाल्यावर लगेच, दुसरी ज्युबिली झाली. पुढे येशूच्या आयुष्याएवढे म्हणून ३३ वर्षांचे अंतर ठरले आणि १४७० मध्ये दुसऱ्या पॉलने ते २५ केले. पंचविशीचा आकडा ज्युबिलीला चिकटला तो इथे. हिशेब सोयीने वाकवायचा ही खोडही तेव्हापासूनची.

राजेलोकांनी ही कल्पना उचलली ती बहुधा अडचणीच्या वेळी. इंग्लंडच्या तिसऱ्या एडवर्डच्या राजवटीचे पन्नासावे वर्ष पुरे झाले ते १३७७ मध्ये. राजा जर्जर झालेला, दरबारावर लोक चिडलेले. ज्युबिलीचे निमित्त करून सरसकट माफी जाहीर झाली. काही महिन्यांतच राजा वारला. त्यानंतर चार शतके इंग्लंडमध्ये या चालीला वावच मिळाला नाही, कारण एवढी वर्षे टिकणारा राजा झाला नाही. फ्रान्सचा चौदावा लुई ७२ वर्षे गादीवर होता. सार्वभौम राजांमध्ये तो आजही पहिला आहे. पण तो गादीवर आला तेव्हा पाच वर्षांचाही नव्हता, आणि कारकिर्दीची वर्षे मोजून प्रजेने मेजवान्या झोडायची रीत त्याच्या काळात रुळलेली नव्हती.

ती सुरू झाली २५ ऑक्टोबर १८०९ रोजी. तिसऱ्या जॉर्जच्या कारकिर्दीला त्या दिवशी ४९ वर्षे झाली. पन्नास भरण्याची वाट कोणी पाहिली नाही. पन्नासावे लागले एवढे पुरेसे होते. नेपोलियनशी लढाई चालू होती, हॉलंडच्या किनाऱ्यावरची मोहीम त्याच वर्षी फसली होती, राजाच्या मुलाचे एक प्रकरण संसदेत गाजले होते आणि खुद्द राजा जवळजवळ आंधळा झाला होता. अशा वेळी गावोगाव चर्चमध्ये प्रार्थना झाल्या, बैल भाजले गेले, आतषबाजी झाली. पलटणीतून पळालेल्यांना माफी मिळाली आणि वर्गणी काढून किरकोळ कर्जासाठी तुरुंगात पडलेले लोक सोडवण्यात आले. लेवीयातला कर्जदार असा हजारो वर्षांचा वळसा घालून पुन्हा वर आला. पुढच्या दीड वर्षात राजाचे मन ढळले आणि कारभार युवराजाकडे गेला.

चांदी-सोन्याची नावे वेगळ्या वाटेने आली. जर्मन भाषिक प्रदेशांत लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला रौप्य आणि पन्नासाव्याला सुवर्णविवाह म्हणत. व्हिक्टोरिया राणीचे माहेर-सासर दोन्हीकडून जर्मन घराण्यांशी नाते होते आणि एकोणिसाव्या शतकात ही नावे इंग्लंडात रूढ झाली. मात्र राणीचा रौप्यमहोत्सव झालाच नाही: १८६१च्या डिसेंबरात पती अल्बर्ट वारला आणि १८६२ साल सुतकात गेले. पुढची अनेक वर्षे ती लोकांसमोर फारशी आली नाही. १८८७ च्या सुवर्णमहोत्सवाने तिला पुन्हा रस्त्यावर आणले, तेही मुकुट न घालता, साध्या टोपीत.

हिंदुस्थानात तो सोहळा चार महिने आधीच, १६ फेब्रुवारी १८८७ला उरकला गेला, कारण जूनच्या उन्हापावसात मिरवणुका काढणे कठीण होते. त्याची मुंबईत राहिलेली खूण म्हणजे व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट. माटुंग्याच्या या संस्थेच्या नावात आता वीरमाता जिजाबाई आहेत, पण ‘व्हीजेटीआय’ ही आद्याक्षरे जशीच्या तशी राखली गेली.

हिऱ्याचा हिशेब तर उघडउघड बदलला. तोवर हीरकमहोत्सव पंचाहत्तरीचा मानत. १८९६ च्या सप्टेंबरात व्हिक्टोरियाने तिसऱ्या जॉर्जची कारकीर्द ओलांडली. सोहळा साठ वर्षे पुरी होईपर्यंत लांबवावा अशी तिची इच्छा होती, आणि पंचाहत्तरीची वाट पाहणे कोणालाच परवडणारे नव्हते. साठीलाच हिरा देण्यात आला. वसाहतमंत्री जोसेफ चेंबरलेन याने त्याला साम्राज्याच्या शक्तिप्रदर्शनाचे रूप दिले. २२ जून १८९७ रोजी लंडनच्या रस्त्यांवरून जगभरच्या पलटणी चालल्या. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या राणीला सेंट पॉल्सच्या पायऱ्या चढवेनात, म्हणून प्रार्थना बाहेरच झाली आणि ती गाडीतच बसून राहिली.

त्याच दिवशी पुण्यात गणेशखिंडीच्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये मेजवानी होती. मुलखात दुष्काळ, शहरात प्लेग. घरझडतीच्या नावाखाली गोऱ्या सोजिरांनी घातलेल्या धुडगुसाने लोक संतापलेले. प्लेग कमिटीचा प्रमुख वॉल्टर चार्ल्स रँड रात्री बग्गीतून परतत असताना ‘गोंद्या आला रे आला’ ही खुणेची आरोळी उठली. दामोदर चापेकरांनी मागून चढून रँडवर गोळी झाडली, बाळकृष्ण चापेकरांनी दुसऱ्या बग्गीतल्या लेफ्टनंट आयर्स्टवर. आयर्स्ट जागीच गेला, रँड ३ जुलैला. त्यानंतरच्या धरपकडीत टिळकांवर राजद्रोहाचा खटला होऊन त्यांना अठरा महिन्यांची शिक्षा झाली. दामोदर चापेकरांना १८९८ च्या एप्रिलमध्ये फाशी देण्यात आली. साम्राज्याने निवडलेली तारीख महाराष्ट्राच्या स्मरणात राहिली ती या गोळ्यांमुळे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून चाल सर्वत्र पसरली. ऑस्ट्रियाचा सम्राट फ्रान्झ योझेफ याचा १८९८ चा सुवर्णमहोत्सव पत्नीच्या खुनाने काळवंडला होता. १९०८ च्या व्हिएन्नातील हीरक मिरवणुकीकडे हंगेरियन आणि चेक लोकांनी पाठ फिरवली. ब्रिटिश राजाचा पहिला अधिकृत रौप्यमहोत्सव झाला तो १९३५ मध्ये, पाचव्या जॉर्जचा. त्यासाठी हिंदुस्थानात निघालेल्या टपाल तिकिटांपैकी अर्ध्या आण्याच्या तिकिटावर गेटवे ऑफ इंडिया होता.

संस्थानिकांनीही ही चाल आपलीशी केली. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याच्या शेतकरी घरातून दत्तक आलेले सयाजीराव गायकवाड १८७५ साली बाराव्या वर्षी बडोद्याच्या गादीवर बसले. १९३६ च्या आरंभी त्यांचा हीरकमहोत्सव झाला आणि ग्रामसुधारणेसाठी एक कोटी रुपयांचा निधी काढण्यात आला. हैदराबादच्या निजामाचा रौप्यमहोत्सव पाचव्या जॉर्जच्या मृत्यूमुळे पुढे गेला आणि १९३७ च्या फेब्रुवारीत पार पडला.

इथे युरोपच्या चालीला देशी तुलादानाची जोड मिळाली. राजाला सोन्याने तोलून ते दान करण्याची रीत मोगल दरबारात होती. शिवाजी महाराजांचीही राज्याभिषेकाच्या वेळी सुवर्णतुला झाली होती. तिसरे आगाखान राज्याचे धनी नव्हते, इस्माइली पंथाचे इमाम होते, पण १९३६ मध्ये मुंबईत त्यांच्या इमामतीच्या पन्नाशीला त्यांना सोन्याने तोलण्यात आले. १० मार्च १९४६ला ब्रेबोर्न स्टेडियमवर तराजूच्या दुसऱ्या पारड्यात हिरे होते. हिरे उसने आणलेले. त्यांच्या किमतीएवढी रक्कम अनुयायांनी जमवली आणि ती समाजकार्याकडे वळवली गेली. १९५४ मध्ये कराचीत सत्तरीचा प्लॅटिनम महोत्सवही झाला.

वर्षे कोठून मोजायची हा प्रश्न स्वाझीलँडच्या दुसऱ्या सोभुझाबाबत ठळक झाला. तो १८९९ च्या डिसेंबरात चार-पाच महिन्यांचा असताना राजा ठरला, कारभार आजी लाबोत्सिबेनी पाहत राहिली आणि १९२१ मध्ये त्याने तो हाती घेतला. १९८१ चा हीरकमहोत्सव १९२१ पासून धरला गेला. १९८२ मध्ये तो वारला तेव्हा मूळ हिशेबाने ८२ वर्षे भरली होती. थायलंडचा भूमिबोल सत्तर वर्षे राज्यावर होता. ब्रिटनची दुसरी एलिझाबेथ १९७७, २००२, २०१२ आणि २०२२ असे चारही महोत्सव पाहणारी त्या गादीवरची एकमेव व्यक्ती ठरली. ती ६ फेब्रुवारीला गादीवर आली होती, पण मुख्य सोहळे होत जूनमध्ये, कारण लंडनची हवा तेव्हा बरी असते. आजच्या राजांमध्ये सर्वांत जास्त काळ गादीवर असलेला ब्रुनेईचा सुलतान हसनल बोल्किया आहे, १९६७ पासून.

राजे कमी झाले तरी महोत्सव उरले. मराठीत पंचाहत्तरीला अमृतमहोत्सव म्हणतात, आणि शाळा, बँका, ग्रंथालये, मंडळे सगळेच ते साजरे करतात. चित्रपटांनी वर्षांच्या जागी आठवडे घेतले: पंचवीस आठवडे एका चित्रगृहात चालला की रौप्य, पन्नास चालला की सुवर्ण. दादा कोंडके यांच्या सलग नऊ चित्रपटांनी रौप्यमहोत्सव केला आणि त्याची नोंद गिनीज बुकात झाली.